हौसाताई पाटील : पंचाण्णव वर्षांचा हिशेब

(जिल्हा मेळाव्यातील महिला सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या मेळाव्यात उसाचा दर आहे, वीजबिल आहे, कर्जाचा तगादा आहे. त्यावर बोलणारे बोलतील, आणि ते आमच्यापेक्षा चांगले बोलतील. आमच्या वाट्याला आलेला वेळ आम्ही एका बाईच्या आयुष्यावर खर्च करणार आहोत. मागच्या बाकांवर कुणी म्हणेल, भाव मागायला आलोय आणि हे चरित्र सांगत बसले. थोडा धीर धरा. हे चरित्र शेवटी तलाठ्याच्या चावडीवरच येऊन थांबणार आहे.

बाई आपल्याच भागातली. हौसाताई भगवानराव मोरे पाटील. माहेरचे नाव सांगितले की ओळख पटते : क्रांतिसिंह नाना पाटलांची मुलगी. जन्म १२ फेब्रुवारी १९२६, मृत्यू २३ सप्टेंबर २०२१. पंचाण्णव वर्षे पुरी करून गेल्या. सुरुवातीलाच एक गोष्ट सांगून ठेवतो. गेल्यावर आपण त्यांना 'क्रांतिवीरांगना' म्हटले, पण त्या स्वतः असले शब्द वापरत नसत. आपण केले ते थोडेसेच, असे त्यांचे म्हणणे असे. आपल्या घरातली बाई दिवसभर राबून संध्याकाळी 'मी काय केलं? घरीच तर होते' म्हणते, त्याच जातीचे ते म्हणणे. तेव्हा त्यांचे म्हणणे बाजूला ठेवून आपणच हिशेब मांडू.

हौसाताई तीन वर्षांच्या असताना आई गेली. वडील येडेमच्छिंद्रचे, तलाठ्याच्या नोकरीत. ती नोकरी त्यांनी सोडली आणि चळवळीत उडी घेतली. तलाठ्याची नोकरी सोडणे म्हणजे काय, हे ज्याच्या घरी दोन एकर कोरडवाहू आहे त्याला विचारा. महिन्याचा पगार, गावात मान, साहेबाशी ओळख, सगळे एका दिवशी गेले. त्यागाचा मान वडिलांना मिळाला आणि तो रास्तच होता. पण त्या त्यागाची रोजची किंमत कोण भरत होते? घरातली म्हातारी आजी आणि आईविना वाढणारी पोर. नानांनी घरावर तुळशीपत्र ठेवले असे आपण सहज बोलून जातो. त्या तुळशीपत्राखाली माणसे राहत होती, हे बोलायचे राहून जाते.

१९४२ साल उजाडले. 'छोडो भारत'ची हाक आली, सातारा जिल्ह्यात मोर्चे निघाले. त्या वेळी आजच्या सांगली जिल्ह्याचा बराच भाग साताऱ्यातच होता. ९ सप्टेंबरला वडूजला गोळीबार झाला, १० सप्टेंबरला इस्लामपूरला झाला. माणसे पडली, उरलेली भूमिगत झाली, आणि १९४३ साली प्रतिसरकार उभे राहिले. नाना पाटील त्याचे पुढारी. जी. डी. बापू लाड आणि कॅप्टन भाऊ यांची तुफान सेना हे त्याचे सैन्य. शेकडो गावांत इंग्रजांचा अंमल कागदावर उरला. गावात न्यायदान मंडळे बसली, सावकाराने लाटलेली जमीन परत मिळू लागली, कमी खर्चात लग्ने लागू लागली. गुंडांना, खबऱ्यांना आणि बायकोला छळणाऱ्यांनाही शिक्षा होऊ लागली. बायकोला छळणाऱ्यांची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

नाना हाती लागेनात, तेव्हा सरकारने हात घराकडे वळवला. घर जप्त झाले, जमीन जप्त झाली. हौसाताईंना आणि आजीला डोक्यावरचे छप्पर सोडून झोपडीत राहावे लागले. त्याहून वाईट म्हणजे, पोलिसांच्या भीतीने गावातली माणसे जवळ येईनात. कुणी कामाला बोलवेना, कुणी मीठसुद्धा देईना. उंबराची फळे तोडून, शिजवून त्यांनी भाकरीला कालवण केले. आम्ही त्या गावकऱ्यांना दोष देत नाही. घराला सील लागलेले डोळ्यांनी पाहिल्यावर दुसऱ्याच्या दारात मीठ घेऊन जाण्याची छाती किती जणांची होईल? पण प्रतिसरकारचा इतिहास लिहिताना शेणोलीची रेल्वे आणि धुळ्याचा खजिना यांच्या शेजारी ही उंबराची भाजीही लिहिली पाहिजे. एक पोरगी आणि एक म्हातारी दबावाला वाकली असती, तर भूमिगतांची अर्धी ताकद तिथेच संपली असती. सरकारला हे कळत होते, म्हणून तर त्याने घर धरले.

आता त्यांच्या अंगाखालून गेलेल्या दोन कामगिऱ्या सांगतो.

पहिली भवानीनगरची, वाळवा तालुक्यातल्या रेल्वे स्टेशनाच्या गावातली. तिथल्या पोलिस ठाण्यातली शस्त्रे काढायची होती. समोरून जावे तर रक्तपात होणार. तेव्हा डाव असा ठरला की नवरा-बायकोचे भांडण रंगवायचे. ठाण्यासमोर एक माणूस बायकोला बेदम मारतोय, मोठा दगड उचलून डोक्यात घालायला निघालाय, बाई आक्रोश करतेय. बायको झाल्या हौसाताई, वय सतरा. मार पुरता लटका नव्हता, खरेच लागत होते, हे त्या म्हातारपणीही सांगत. नाटक खरे वाटले तरच पोलिस हलणार होते. पोलिस हलले, भांडण सोडवायला बाहेर आले, आणि तेवढ्यात साथीदारांनी आत शिरून बंदुका उचलल्या.

ही गोष्ट सांगितली की सभेत हशा येतो, टाळ्या पडतात. इथेही आल्या. हशा ओसरल्यावर जरा विचार करा. हा डाव लागू का पडला? भर रस्त्यात नवरा बायकोला मारतोय, हे दृश्य त्या पोलिसांच्या ओळखीचे होते. गावोगाव ते रोज दिसत होते, म्हणून कुणाला संशय आला नाही. आणि ज्या प्रतिसरकारने बायकोला छळणाऱ्याला शिक्षा ठरवली, त्याच प्रतिसरकारच्या कामासाठी एका सतरा वर्षांच्या मुलीने तो मार सगळ्यांदेखत अंगावर घेतला. आमच्या मते त्या दिवशी सगळ्यात मोठी जोखीम तिची होती. आत शिरणाऱ्याच्या हातात पळायला पाय तरी मोकळे होते. ही मात्र ठाण्याच्या दारात, पोलिसांच्या मध्ये, जमिनीवर पडलेली.

दुसरी कामगिरी १९४४ सालची, गोव्यातली. गोवा तेव्हा पोर्तुगीजांकडे. तिथून हत्यारे आणण्याच्या कामात बाळ जोशी हे साथी पकडले गेले आणि तुरुंगात पडले. त्यांच्यापर्यंत सुटकेचा बेत पोचवायचा होता. पुरुष गेला असता तर झडती झाली असती. हौसाताई त्यांची बहीण म्हणून भेटायला गेल्या आणि चिठ्ठी नेली अंबाड्यात. निरोप पोचला. परतताना सरळ वाटेने येणे शक्य नव्हते, रानातून चालावे लागले. वाटेत मांडवी नदी. रात्रीच्या वेळी एका लाकडी पेटीवर आडवे होऊन त्या पलीकडे गेल्या, साथीदार बाजूने पोहत होते. आपल्याकडच्या पोरी विहिरीत पोहायला शिकतात, तसे त्याही शिकल्या असतील. पण विहिरीचे पाणी जागेवर असते. मांडवीचे पात्र ज्यांनी पाहिले आहे त्यांना रात्रीची ती नदी काय असेल हे सांगायला नको.

या दोन्ही कामांत एक सारखेपणा आहे. दोन्हीकडे त्यांचे हत्यार होते बाईपण. एकदा मार खाणारी बायको, एकदा भावासाठी कासावीस झालेली बहीण. बाई म्हणजे घर, आणि घर म्हणजे राजकारणाबाहेरची जागा, असे सरकार समजत होते. सरकारची ती चूक चळवळीने वापरून घेतली. आमचा सवाल एवढाच आहे की इंग्रज गेल्यावर आपण स्वतः तरी ती चूक करायचे थांबलो का?

हौसाताई एकट्या नव्हत्या. कासेगावच्या इंदुताई पाटणकर वयाने जवळपास त्यांच्याच बरोबरीच्या, जन्म १९२५. त्याही प्रतिसरकारच्या कामात होत्या. पुढे शिक्षिका झाल्या, पती बाबूजी पाटणकर यांचा १९५२ साली घात झाला तरी घर आणि चळवळ दोन्ही सांभाळले, म्हातारपणी परित्यक्ता बायांच्या लढ्यात उभ्या राहिल्या. २०१७ साली गेल्या. या दोघींची नावे तरी आपल्याला ठाऊक आहेत. ज्यांनी शेणाच्या ढिगात बंदुका पुरल्या, रात्री दोन वाजता दार वाजले तर न विचारता चूल पेटवली, मळ्यातल्या खोपीत आठ-आठ जणांच्या भाकऱ्या वैरणीच्या पेंढीत लपवून नेल्या, त्यांची नावे कुठल्या हुतात्मा स्मारकावर आहेत?

इथे एक बाहेरचे उदाहरण देतो, कारण ते आपल्या बायांच्या डोळ्यांसमोर लगेच उभे राहील. पत्रकार पी. साईनाथ यांनी २०२२ साली स्वातंत्र्यलढ्यातल्या शेवटच्या शिपायांवर 'द लास्ट हीरोज' नावाचे पुस्तक काढले. त्यात आपल्या हौसाताई आहेत आणि पश्चिम बंगालमधल्या पुरुलिया जिल्ह्यातल्या भवानी महातोही आहेत. १९४२-४३ साली भवानीबाईंचा नवरा तुरुंगात होता. बंगालमध्ये दुष्काळ होता. बाईने शेती केली, मोठ्या कुटुंबाचे पोट भरले, आणि वर रानात लपलेल्या भूमिगतांचा स्वयंपाक रांधला. शंभरी ओलांडल्यावर त्यांना विचारले तर म्हणणे हेच, माझा लढ्याशी काय संबंध, मी फक्त रांधत होते. धान्य कुठून आले, सरपण कुठून आले, पोलिस आले असते तर काय झाले असते, हे 'फक्त' या एका शब्दात गडप झाले. भवानीबाई २०२४ साली वारल्या.

आता सरकारच्या दप्तराकडे येऊ. १९७२ साली, स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षी, केंद्र सरकारने स्वातंत्र्यसैनिकांसाठी पेन्शन योजना काढली. अट काय, तर किमान सहा महिने तुरुंगवास. बायकांसाठी ही अट तीन महिन्यांवर आणली गेली. भूमिगतांसाठीही सोय होती, पण त्याला पुरावा हवा : फरारी म्हणून जाहीर झाल्याचा, पकडण्यासाठी इनाम लागल्याचा किंवा अटकेचा हुकूम निघाल्याचा कागद. कायदा करणाऱ्यांच्या मनात काही काळेबेरे होते असे आम्ही म्हणत नाही, खोटे दावे रोखायला कागद लागतोच. पण परिणाम बघा. अंबाड्यात चिठ्ठी नेणारी बाई हुशार असेल तर ती सापडणार नाही. सापडली नाही तर तिच्या नावाने हुकूम निघणार नाही. हुकूम नाही तर पुरावा नाही, आणि पुरावा नाही तर ती लढ्यात नव्हतीच! काम जितके चोख, तितका पुरावा कमी. बंदूक लपवून ठेवणाऱ्या बाईला इंग्रजाच्या पोलिसाने पकडले असते, तरच स्वतंत्र भारताच्या सरकारने तिला ओळखले असते.

मायबहिणींनो, हा कागदाचा नियम तुमच्या ओळखीचा वाटतो की नाही? भांगलण तुम्ही करता, टोकणी तुम्ही करता, धारा काढता, वैरण आणता, कापूस वेचता. पण शेतकरी कोण, हे काम बघून ठरत नाही, सातबारा बघून ठरते. २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशातल्या वहिवाटदारांपैकी बाया होत्या सुमारे १४ टक्के. २०१९ साली केंद्राने शेतकऱ्याला वर्षाला ६००० रुपये द्यायला सुरुवात केली, ते ज्याच्या नावावर जमीन त्याच्या खात्यावर. पीककर्ज सातबाऱ्यावर, पीकविमा सातबाऱ्यावर. नवरा शहरात हमाली करतोय, शेत सारे बायको बघतेय, तरी सोसायटीत अंगठा नवऱ्याचाच लागतो. तो अपघातात किंवा कर्जापायी गेला, तर वारसाची नोंद होईपर्यंत ती बाई स्वतःच्या रानात परकी. १९४३ साली पुरावा नव्हता म्हणून ती सैनिक नाही, आज पुरावा नाही म्हणून ती शेतकरी नाही.

हे आम्ही हौसाताईंच्या तोंडी घालत नाही, आमचे म्हणणे आमचेच आहे. पण त्यांच्या आयुष्याकडे बघून ते सुचले. १९४६ साली प्रतिसरकारचे पर्व संपले, पुढे स्वराज्य आले. नाना पाटील १९५७ साली उत्तर साताऱ्याकडून आणि १९६७ साली बीडमधून लोकसभेत गेले, १९७६ साली वारले. मुलीने संसार केला, शेतकऱ्याचे घर चालवले, विट्याला राहिली, मुले-नातवंडे वाढवली. लोक याला 'नंतर त्या घरात रमल्या' असे म्हणून मोकळे होतात. आम्हाला हे पटत नाही. उंबर शिजवणारी आणि अंबाड्यात चिठ्ठी खोचणारी बाई एकच होती. घर आणि चळवळ अशी दोन खाती तिने कधी वेगळी मांडली नव्हती. खाती वेगळी आपण मांडली, कारण एका खात्यावर हार घालता येतो आणि दुसऱ्यावर घालायचा आपल्याला संकोच वाटतो.

आणि त्या रमल्या असतील तरी निजल्या नव्हत्या. ७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ तुफान सेनेने रेल्वे अडवून सरकारी पैसा काढला, त्याच्या स्मरणाचा कार्यक्रम २०१७ साली तिथेच झाला. कॅप्टन भाऊंबरोबर हौसाताईंचाही सत्कार झाला. वय एक्क्याण्णव. पुढच्या वर्षी, नोव्हेंबर २०१८ मध्ये, देशभरातले शेतकरी कर्जमुक्ती आणि पिकाला रास्त भाव मागत दिल्लीत संसदेकडे निघाले, तेव्हा या बाईने चित्रफितीतून निरोप पाठवला आणि शेतकऱ्याच्या मालाला दाम द्या, असे सरकारला बजावले. इंग्रजाला घालवले म्हणून हिशेब मिटला, असे त्यांना वाटत नव्हते.

२३ सप्टेंबर २०२१ ला त्या गेल्या. दिल्लीच्या वेशीवर तेव्हा शेतकऱ्यांचा तळ पडून दहावा महिना सरत होता, तंबूंमधून हजारो बाया बसल्या होत्या. तीन कृषी कायदे मागे घेण्याची घोषणा झाली १९ नोव्हेंबरला. दोन महिन्यांचे अंतर पडले. कॅप्टन भाऊही फेब्रुवारी २०२२ मध्ये, शंभरीला टेकता टेकता गेले.

आता चावडीवर येतो, म्हटल्याप्रमाणे. दोन कामे आहेत आणि दोन्ही पुढच्या तालुका बैठकीपर्यंत करायची आहेत.

पहिले सातबाऱ्याचे. शेतकरी चळवळीने १९८९ पासून लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम चालवला, बायकोच्या नावावर जमीन करून देण्याचा. तो नेटाने चालला त्या गावांत शेकडो बायांची नावे लागली, मग उत्साह ओसरला. त्यानंतर १९९२ च्या शासकीय परिपत्रकाने सोय केली की नवऱ्याने अर्ज केला तर बायकोचे नाव सहधारक म्हणून सातबाऱ्यावर लावता येते. जमीन विकायची नाही, खरेदीखत नाही, एक अर्ज आणि एक फेरफार. भाषण ऐकून टाळी वाजवणाऱ्या प्रत्येक भावाने हा अर्ज द्यावा. आणि बहिणींच्या बाबतीत, १९९४ साली महाराष्ट्राने आणि २००५ साली केंद्राने वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतका हक्क दिला आहे. तरी भाऊबीजेच्या ओवाळणीत साडी टाकून हक्कसोडपत्रावर सही घेण्याची रीत आपल्या घरोघरी चालू आहे, इथे बसलेल्या पुढाऱ्यांच्या घरातही आहे. कुणाकडे बोट दाखवत नाही, ज्याचे त्याला माहीत. बहीण राजीखुशीने सोडत असेल तर तिची मर्जी. पण 'माहेर तुटेल' ही धमकी देऊन घेतलेली सही राजीखुशीची नव्हे.

दुसरे काम म्हाताऱ्या बायांचे. वाळवा, खानापूर, कडेगाव, पलूस, तासगाव, कराड या पट्ट्यात नव्वदीच्या घरातल्या बाया अजून आहेत. १९४३ साली त्या दहा-बारा वर्षांच्या पोरी असतील. घरी कोण येत होते, रात्री कुणाला जेवू घातले, काय कुठे पुरले, हे त्यांनी पाहिलेले आहे. कुणी विचारले नाही म्हणून सांगितले नाही. प्रत्येक शाखेने आपल्या गावातली अशी बाई शोधावी, शाळेतल्या मुलीला वही घेऊन तिच्याजवळ बसवावे, आणि ती सांगेल ते तिच्याच बोलीत उतरवून घ्यावे. 'मी काही केलं नाही' असे ती म्हणाली तर उठून यायचे नाही. त्या वेळी घरात धान्य किती होते आणि भाकऱ्या किती जणांच्या थापल्या, इथून सुरुवात करायची. वह्या जिल्हा कचेरीत गोळा होतील. सातबाऱ्याच्या अर्जांचे नमुने मांडवाच्या दारातल्या टेबलावर ठेवले आहेत. जाताना घेऊन जा, आणि शक्यतो दोघे मिळून भरा.